समजल्याची खूण

ठसेतज्ज्ञानं भिंग नोटरीच्या रजिस्टरच्या पानावर ठेवलं आणि खुर्चीतून अर्धवट उठून तो त्यावर वाकला. पंखा पानाचा कोपरा सारखा उचलत होता, म्हणून चौकशी समितीतल्या चष्मेवाल्या सभासदांनी मनगटावरचं घड्याळ सोडून त्या कोपऱ्यावर ठेवलं. शेजारी दुसरा कागद होता, पेन्शनच्या कचेरीतून मागवलेला, त्यावरही एक अंगठा. तज्ज्ञाची मान एकदा या कागदाकडे, एकदा त्या कागदाकडे जात राहिली आणि खोलीतल्या कुणालाही खोकायचं धाडस होईना.

मास्तर भिंतीला लावलेल्या खुर्चीत बसले होते. एकतीस वर्षं नोटरी म्हणून काढली, पण टेबलाच्या या बाजूला ते आज पहिल्यांदाच आले होते. त्यांचं खरं नाव सनदेवर होतं. बाकी सगळं गाव मास्तरच म्हणे, कारण कागद कितीही फुटकळ असो, तो पूर्ण मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ते शिक्क्याला हात लावत नसत, आणि वाचून झालं की समोरच्याला विचारत, "आता काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा." लोक वैतागत. भाड्याच्या दोन खोल्यांपायी तोंडी परीक्षा द्यावी लागते म्हणून घाईतली मंडळी सरळ दुसरं टेबल गाठत. पण मास्तरांचा शिक्का असला की त्या कागदाकडे पुन्हा कुणी डोळे बारीक करून बघत नसे, हेही तितकंच खरं.

समोरच्या बाजूला तक्रारदार बसली होती. चाळिशी ओलांडलेली, मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात. तिचे वडील आठ महिन्यांपूर्वी वारले. वारण्याच्या चार दिवस आधी त्यांचं मृत्युपत्र झालं होतं, आणि त्यात घर, दुकान, होतं नव्हतं ते सगळं धाकट्या मुलाच्या नावावर गेलं होतं. खाली अंगठा आणि मास्तरांचा शिक्का. हिचं म्हणणं एकच होतं: अंगठा बाबांचा नाहीच, भावानं दुसऱ्याच कुणाचा तरी उठवला आणि मास्तरांनी माणूस न बघताच शिक्का मारला. तसं ठरलं तर मास्तरांची सनद आजच्या आज जाणार होती.

"जुळतो," तज्ज्ञ सरळ होत म्हणाला.

"खात्री आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या निवृत्त न्यायाधीश होत्या आणि प्रश्न विचारताना पेन्सिल आडवी धरत.

"शंकेला जागाच नाही, बाई. आणि खरं सांगू का, इतका स्वच्छ ठसा क्वचित मिळतो. आजारी माणसाचा हात हलतो, रेघा एकमेकींत मिसळतात, आमचे डोळे जातात त्यात. हा तर पुस्तकात छापावा असा आहे."

मास्तरांना ते कौतुक मिरची लागावी तसं झोंबलं. आयुष्यभर त्यांनी अंगठे घेतले होते. आपला हात आपण टेकवला की तो थोडा तरी थरथरतो, थोडा घसरतो. अगदी धडधाकट माणसाचासुद्धा. दुसऱ्यानं उचलून टेकवलेला, जीव नसल्यासारखा हात मात्र जिथे ठेवाल तिथे गपगुमान राहतो. हा ठसा इतका स्वच्छ का आला, ते या खोलीत एकट्या मास्तरांना माहीत होतं.

तक्रारदार बाईनं फाइलवरचे हात काढून घेतले आणि पुन्हा तिथेच ठेवले.

"एक मिनिट," चष्मेवाले सभासद म्हणाले. त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. "हा ठसा उलटा आहे. पानावरच्या बाकी सगळ्यांचं टोक वर आहे, याचंच खाली कसं?"

मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

"ते झोपून होते," ते म्हणाले. "उठून बसवत नव्हतं. रजिस्टर पलंगाच्या बाजूनं धरलं होतं."

"कुणी?"

"त्यांच्या मुलानं."

"हं." सभासदांनी मान तिरकी करून पान पाहिलं, मनातल्या मनात एक माणूस पलंगावर झोपवला, एक बाजूला उभा केला आणि समाधान झाल्यासारखे मागे टेकले. "बरोबर आहे. असंच येईल."

आता रजिस्टर अध्यक्षबाईंनी घेतलं. पेन्सिलीचं टोक रकान्यांवरून फिरत गेलं आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबलं. "हे काय? 'समजल्याची खूण'. असा रकाना नियमांत नाही."

"मी आखतो, बाई. हातानं."

"का?"

"वाचून दाखवलं की माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. म्हणून काय समजलं ते त्यालाच विचारतो आणि त्याचेच शब्द लिहून ठेवतो."

अध्यक्षबाई वाचू लागल्या, स्वतःशीच, पण ऐकू येईल इतपत. "'घर सोडताना रंग मी द्यायचा.' 'मुलगा माझा, पण दाखला मामाकडचा.' 'दोघांपैकी एक मेला तर दुसऱ्याची सही चालेल.'" त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "छान पद्धत आहे. आणि इथे लिहिलंय, 'मान हलवून होकार दिला.'"

"हो."

"शब्द नाहीत."

"त्यांना बोलवत नव्हतं."

"मान हलवली, ते तुम्ही स्वतः पाहिलं?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती चिरक्या आवाजात ओरडत होती. मास्तर तो आवाज थांबायची वाट पाहत राहिले. आवाज थांबला.

"तुम्ही शपथेवर आहात," अध्यक्षबाई म्हणाल्या. धमकी म्हणून नव्हे, आठवण म्हणून.

"पाहिलं," मास्तर म्हणाले.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. कोपऱ्यातल्या टंकलेखिकेला त्या सावकाश मजकूर सांगत गेल्या: ठसा मृताचाच असल्याचं सिद्ध झालं आहे, नोटरींनी घरी जाऊन कागद वाचून दाखवला आहे, गैरवर्तनाचा आरोप टिकत नाही, सबब तक्रार फेटाळण्यात येत आहे. "तीन वाजता सह्या होतील. दोघांनीही थांबा, प्रत घेऊन जा. तोवर कुणाला काही सांगायचं असेल तर लेखी द्या."

कुणालाच काही सांगायचं नव्हतं. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. पावणेदोन.

ते बाहेर व्हरांड्यात आले तोच त्यांचा फोन वाजला. बायको होती.

"अहो, झालं का?"

"झालं. माझ्या बाजूनं लागलं."

ती म्हणाली, "मला ठाऊकच होतं. तुम्ही तसलं काही करणारच नाही. जेवला नसाल, या आता लवकर."

"तीन वाजतील," ते म्हणाले आणि फोन ठेवला. जीव भांड्यात पडायला हवा होता. तो कुठे पडला कोण जाणे, भांड्यात नक्कीच नव्हता.

मृत्युपत्राच्या दिवशी मास्तरांना न्यायला म्हाताऱ्याचा मुलगा स्वतः आला होता. कोपऱ्यावरचा औषधवाला तो, नऊ वर्षं मास्तरांच्या बायकोच्या गोळ्या घरपोच देत आलेला. साथीच्या दिवसांत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं तेव्हासुद्धा दाराशी पुडी ठेवून, बेल वाजवून लांब उभा राहायचा. "बाबांनीच सांगितलंय, मास्तर. त्यांच्यानं तुमच्याकडे येववत नाही, तुम्हीच चला." मास्तर रजिस्टर पिशवीत घालून तीन जिने चढले. गुडघे बोलत होते. वर खोलीत पलंगावर म्हातारा उताणा, डोळे मिटलेले, तोंड उघडं, घशात घरघर. साक्षीला मुलाचे दोन मित्र भिंतीला टेकून उभे.

मास्तरांनी बसून पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. समोरचा ऐकतो आहे की नाही हे न बघता दोन पानं खणखणीत आवाजात वाचली. सवयीचा माणूस, सवयीनं वाचत गेला. मुलीचं वाक्य आलं तिथे तेवढे ते अडखळले. 'मुलीने माझ्याशी कोणताही संबंध ठेवलेला नाही, सबब तिला काहीही देत नाही.' वाचून झाल्यावर नेहमीसारखं विचारलं, "काय समजलं?"

घरघर चालू होती.

"बोलवत नाही त्यांना," मुलगा म्हणाला. "पण कळतं सगळं. ती बघा, मान हलवली."

मास्तरांनी पाहिलं होतं. मान उशीवर होती तशी होती. उठावं, पिशवी उचलावी आणि म्हणावं की बाबा शुद्धीवर आले की बोलवा, इतकं सोपं होतं. पण सून चहा घेऊन आली, मित्रांपैकी एकानं त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं, आणि नऊ वर्षांच्या गोळ्यांची भीड आडवी आली. त्यांनी कप हातात घेतला. मुलानं वडिलांचा हात उचलला तेव्हा मास्तर चहात बघत होते. चहावर साय आली होती आणि ती बशीच्या काठानं बाजूला करणं त्या क्षणी फार महत्त्वाचं काम होऊन बसलं होतं. कागदावर ठसा उठला, रजिस्टरात उठला. मग त्यांनी पेन काढून शेवटच्या रकान्यात ते चार शब्द लिहिले.

पैशाचा त्यात संबंध नव्हता. तसा असता तर कदाचित त्यांना स्वतःचा राग तरी धडपणे करता आला असता.

"मास्तर, दोन मिनिटं आहेत?"

तक्रारदार बाई पुढ्यात उभी होती. फाइल आता तिनं काखेत मारली होती.

"बोला."

"माफी मागायची होती. आठ महिने मी छातीठोकपणे सांगत सुटले, अंगठा बाबांचा नाही म्हणून. तुमचं नाव घेऊन, चार माणसांत. चुकलं माझं."

"असू द्या."

"असू द्या कसं? तुमच्यासारख्या माणसाला या वयात इथे खेचलं मी." ती बाकड्यावर त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली. "लग्नानंतर नाव बदललं तेव्हा तुमच्याकडेच आले होते. तुम्हाला नसेल आठवत. काय समजलं ते सांगा म्हणालात. मी म्हटलं, आजपासून माझं नाव बदललं. तुम्ही म्हणालात, असं अर्धं नाही चालायचं, जुनं कोणतं, नवं कोणतं, सगळं सांगा. बाबा शेजारी बसले होते. घरी जाईपर्यंत हसत होते. म्हणाले, हा माणूस खमक्या आहे, याच्यासमोर थाप चालायची नाही."

मास्तरांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि गुडघा दाबत राहिले.

"घराचं मला काही नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "खोटं कशाला बोलू, थोडं आहे. पण त्यासाठी मी इथवर आले नसते. ते एक वाक्य आहे ना, संबंध ठेवला नाही म्हणून. मी रोज फोन करायचे, मास्तर. रोज संध्याकाळी, त्यांच्याच फोनवर. शेवटी शेवटी भाऊच उचलायचा, झोपलेत म्हणायचा. मला वाटायचं, उठल्यावर सांगत असेल, ताईचा फोन होता म्हणून. माझी आपली खात्री होती की बाबा असं म्हणणारच नाहीत. म्हणून अंगठाच खोटा आहे असं धरून चालले. आता अंगठा खरा निघाला."

तिनं फाइल काखेतून काढून मांडीवर घेतली.

"तुम्ही वाचून दाखवलंत. सगळं?"

"सगळं."

"ते वाक्यपण?"

"हो."

"मग एवढंच सांगा. ते वाक्य आलं तेव्हा बाबांचं तोंड कसं होतं? रडले का? की नुसतीच मान हलवली?"

एका शब्दाचं काम होतं. 'रडले' म्हटलं असतं तर ती रडली असती, डोळे पुसून तीन वाजता प्रत घेऊन आपल्या घरी गेली असती, आणि मास्तर त्यांच्या घरी जेवायला गेले असते. शब्द ओठांवर आलाही. आयुष्यात त्यांनी इतकी तयार, इतकी मऊ थाप कधी हाताशी पाहिली नव्हती. त्यांना स्वतःची शिसारी आली आणि त्यापेक्षा जास्त भीती वाटली, कारण ते ती थाप मारणार होते.

तिनंच त्यांना वाचवलं. त्यांचा चेहरा बघून ती म्हणाली, "इथे बोलवत नसेल तर राहू द्या. मलाही इथे ऐकवणार नाही. दोन ओळी लिहून द्या. घरी जाऊन एकटी वाचीन."

"लिहून देतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी पिशवीतून कोरे कागद काढले, पिशवीच मांडीवर आडवी घेतली आणि लिहायला लागले. दोन ओळींत आटपेना. दुसऱ्यांचे कागद तपासताना ते नेहमी म्हणायचे, आधी तारीख लिहा, मग जागा, मग तिथे कोण कोण होतं ते. बाकीचं आपोआप येतं. तसंच लिहीत गेले. मध्ये एकदा पेन थांबलं. बायकोच्या गोळ्या आता कुठून आणायच्या, असा अगदी क्षुल्लक विचार त्यांच्या मनात आला, आणि ती हे ऐकेल तेव्हा काय म्हणेल हा मोठा विचार त्याच्या मागोमाग आला. ती म्हणाली होती, तुम्ही तसलं काही करणारच नाही. पेन पुन्हा चालू झालं. पूर्ण झाल्यावर त्यांनी सगळं दुसऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवलं. तक्रारदार बाई समोरच्या खिडकीशी जाऊन पाठ करून उभी होती; चुकून नजर पडायला नको म्हणून असावं.

दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"चल खाली," ते उठत म्हणाले. आतापर्यंत तिला अहोजाहो करत होते ते त्यांच्याही लक्षात राहिलं नाही. "याला शिक्का लागेल. माझ्या कागदावर माझा चालत नाही."

"शिक्का कशाला, मास्तर? माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"नको ठेवूस. यातली एक प्रत तुझी. दुसरी तीनच्या आत वर द्यायची आहे."

"वर? बाबांचं बोलणं वर कशाला द्यायचं?"

पण मास्तर कठडा धरून जिना उतरायला लागले होते. तोंडानं सांगावं इतकी हिंमत त्यांच्यात नव्हती. असती तर त्या तीन जिन्यांवरच्या खोलीतच कामाला आली असती. ती दोन पायऱ्या मागे ठेवून येत राहिली.

तळमजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी धाकटीचं टेबल होतं. चार वर्षं ती मास्तरांच्या हाताखाली शिकली होती आणि स्वतःची सनद मिळाल्यावरही सगळ्यांसाठी धाकटीच राहिली होती. टेबलासमोर तिघं-चौघं उभे होते. मास्तरांना बघताच ती उठून उभी राहिली.

"कळलं मला. फेटाळली ना? आज चहा तुमच्याकडून." मागे तक्रारदार बाई दिसल्यावर ती जरा वरमली. "बसा ना, ताई."

"एवढं करून दे," मास्तरांनी दोन्ही प्रती तिच्यापुढे ठेवल्या. "माझं प्रतिज्ञापत्र आहे. सही तुझ्यासमोर करतो."

त्यांनी सह्या केल्या. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं, हसली, शेवटचं पान उलटून वर घेतलं आणि गोल शिक्का पॅडवर दाबला.

"वाच आधी."

"काय वाचायचं, मास्तर? अक्षर तुमचं, सही तुमची, तुम्ही स्वतः समोर उभे. बाकीचे लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. वाच. मोठ्यानं."

"म्हणजे अजून सुटका नाहीच माझी," ती बाईकडे बघून म्हणाली. शिक्का डबीवर आडवा ठेवून तिनं कागद उचलला आणि रोजच्या कामाच्या एकसुरी, भरभर लयीत वाचायला लागली. "'मी, खाली सही करणारा, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, मृत्युपत्राच्या तारखेस सकाळी साडेअकराच्या सुमारास मी मृत्युपत्र करणाऱ्या गृहस्थांच्या घरी गेलो. खोलीत त्यांचा मुलगा, सून व मुलाचे दोन मित्र हजर होते. गृहस्थ पलंगावर होते. मी मृत्युपत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. गृहस्थ त्या वेळी'..."

तिचा आवाज अडला. तिनं मनातल्या मनात पुढचं वाचलं असावं, कारण तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं.

"मास्तर, हे तुम्ही..."

"पुढे."

"याच्यावर शिक्का बसला तर तुमची..."

"मला माहीत आहे. पुढे वाच."

रांगेतला एक जण घड्याळ बघत होता, त्यानं हात खाली घेतला. धाकटी सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचायला लागली.

"'गृहस्थ त्या वेळी शुद्धीवर नव्हते. काय समजले असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. मान हलवली नाही. मान हलवून होकार दिला असे मी रजिस्टरात लिहिले, ते खोटे आहे. आज समितीसमोर शपथेवर तसेच सांगितले, तेही खोटे आहे. अंगठा त्यांचाच आहे. त्यांचा हात मुलाने धरून टेकवला. मी ते थांबवले नाही, दुसरीकडे बघत राहिलो.'"

मास्तर टेबलाच्या कडेकडे बघत उभे होते. बाईकडे बघायचं त्यांना धैर्य झालं नाही. तिची फाइल टेबलावर आली आणि तिच्या हाताची बोटं फाइलवर पसरलेली तेवढी त्यांना दिसली.

"'मुलीबद्दलचे वाक्य,'" धाकटीनं वाचलं, "'त्यांनी सांगितलेले मी ऐकले नाही. कागद आधीच टंकून ठेवलेला होता. मी ते वाक्य वाचले तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हते.'"

झेरॉक्सच्या यंत्रातून कागद पडत होते. यंत्रावरच्या माणसानं ते बंद केलं.

बाईनं आधी मास्तरांकडे पाहिलं आणि त्या बघण्यात माफी नव्हती, हे न बघताही त्यांना कळलं. मग ती धाकटीकडे वळली.

"ते शेवटचं परत वाचा."

धाकटीनं मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"'मी ते वाक्य वाचले तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हते.'"

"अजून एकदा," बाई म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

जिन्याच्या वळणावरून शिपायानं हाक दिली. "मास्तर, आदेश तयार आहे. अध्यक्षबाई सह्यांसाठी खोळंबल्यात. दोघांनाही वर बोलावलंय."

"आलोच," मास्तर म्हणाले. "यांचं ऐकून होऊ दे."